गाडीची वीज बिलाच्या कोणत्या टप्प्यात पडते?

मे २०२४ च्या वीजबिलावर ३७५ युनिट पाहिले, तेव्हा मीटरच बिघडला असावा असे मला प्रथम वाटले. आमच्या घराला एरवी महिन्याला सव्वाशेच्या आसपास युनिट लागतात. त्या वर्षी जानेवारीत वीजगाडी घेतल्यापासून ते पावणेतीनशेपर्यंत जात होते आणि एवढी वाढ आम्ही गृहीत धरलेली होती. पण एकाएकी आणखी शंभर युनिट कुठून आले, हे कळेना. गाडीच्या चार्जिंगच्या जागी भिंतीवर वेगळा सबमीटर बसवलेला असल्यामुळे उलगडा लगेच झाला. गाडीने १६५ युनिट घेतले होते, म्हणजे नेहमीपेक्षा सात-आठच जास्त. उरलेले २१० घराचे होते. आंब्याच्या दिवसांत मुंबईहून आलेली माणसे, रात्रभर फिरणारे पंखे, एका खोलीतला एसी आणि विहीर खोल गेल्यामुळे जास्त वेळ चालणारा पंप, असा तो हिशेब होता.

मी रत्नागिरीतील एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे आणि पावसजवळच्या आमच्या वाडीतून रोज गाडीने जाऊन येऊन ३६ किलोमीटर करते. आकडे जुळेपर्यंत मला झोप लागत नाही, त्यामुळे मी एक वही घातली. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षातील प्रत्येक चार्जिंगची नोंद तीत आहे. घरी केलेले असेल तर सबमीटरचा आकडा, बाहेर केलेले असेल तर पावतीवरचे युनिट आणि रुपये, आणि दोन्ही वेळी गाडीच्या पडद्यावरचे किलोमीटर. वाडीत आणि कार्यालयात मला सारखा विचारला जाणारा प्रश्न असतो, "चार्जिंगला किती पडतात हो?" त्याचे उत्तर मी पहिले चार महिने चुकीचे देत होते. ते दुरुस्त करणे मला माझे काम वाटते, कारण माझ्या त्या उत्तरावर विसंबून निदान दोन घरांत गाडी घेण्याचा विचार सुरू झाला आहे.

चूक अशी होती. मी महिन्याच्या एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागत असे आणि येणारा सरासरी दर गाडीच्या युनिटांना लावत असे. मे महिन्याचे बिल इंधन समायोजन आकार (इंधनाच्या किमतीप्रमाणे बदलणारी रक्कम) सोडून, पण दरमहाचा स्थिर आकार धरून, सुमारे ४,८५० रुपये होते. ३७५ युनिटांनी भागले तर युनिटला तेरा रुपये पडतात आणि गाडीचा खर्च २,१४० रुपयांच्या आसपास निघतो. हिशेब दिसायला सरळ आहे, पण महावितरणचे घरगुती बिल सरासरीने चालत नाही, ते टप्प्यांनी चालते. २०२४-२५ मध्ये पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० युनिटांना १४ रुपये ५५ पैसे आणि त्यापुढे १६ रुपये ६४ पैसे होता. प्रत्येक युनिटावर १ रुपया १७ पैसे वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा) आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. हे सर्व मिळवले की प्रत्यक्ष खिशातून जाणारे पैसे पहिल्या टप्प्यात युनिटला ६ रुपये ८२ पैसे, दुसऱ्यात १३ रुपये २९ पैसे, तिसऱ्यात १८ रुपये २४ पैसे आणि शेवटच्या टप्प्यात २० रुपये ६६ पैसे होत असत.

आता प्रश्न असा की यांतले कोणते युनिट गाडीचे मानायचे? घरातला फ्रिज, दिवे, पंखे, मिक्सर आणि पंप गाडी येण्याआधीही चालत होते आणि उद्या गाडी विकली तरी चालतील. स्वस्त असलेले पहिले शंभर युनिट घराने आधीच वापरून संपवलेले असतात. गाडी त्यांच्या डोक्यावर येऊन बसते, म्हणून तिला वरच्या टप्प्याचाच दर लागू पडतो. हे तपासण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे एकाच महिन्याची दोन बिले कागदावर मांडणे, एक गाडीसह आणि एक गाडीवाचून, आणि दोहोंतली वजाबाकी करणे. मे महिन्यात गाडी नसती तर २१० युनिटांचे बिल सुमारे २,२९५ रुपये आले असते. गाडीमुळे त्यात २,५६४ रुपयांची भर पडली, म्हणजे गाडीच्या प्रत्येक युनिटाला १५ रुपये ५४ पैसे. माझ्या जुन्या पद्धतीने मी सव्वाचारशे रुपये कमी सांगत होते, आणि तेही एका महिन्यात.

त्या वर्षी नेहमीच्या महिन्यात चित्र बरे असायचे. घराचे १२० आणि गाडीचे १५७ मिळून २७७ युनिट होतात, गाडीची सगळी वीज दुसऱ्या टप्प्यात मावते आणि खर्च सुमारे २,०८५ रुपये येतो. त्या महिन्यात गाडी ११०० किलोमीटर चाललेली असते. घरच्या मीटरवरच्या एका युनिटात माझी गाडी सात किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला १ रुपया ९० पैसे. आधीची पेट्रोलची गाडी लिटरला सोळा किलोमीटर देत असे आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर किलोमीटरला साडेसहा रुपये जात होते. त्यामुळे वीजगाडी परवडते की नाही, याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. माझा मुद्दा घर आणि बाहेर यांतल्या फरकाचा आहे, कारण गाडी घेताना आम्हाला सांगितले गेले होते की घरची वीज बाहेरच्यापेक्षा तिपटीने स्वस्त पडते.

वर मी "घरच्या मीटरवरच्या एका युनिटात" असे मुद्दाम लिहिले आहे. घरात येणारी वीज एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी असते आणि बॅटरी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज साठवते. हा बदल गाडीच्या आत बसवलेला चार्जर करतो आणि तो करताना काही वीज उष्णतेत जाते. रात्री चार्जिंग चालू असताना बॉनेटजवळ हात धरला तर ती ऊब जाणवते. माझ्या वहीप्रमाणे मीटरवर दहा युनिट फिरले तर बॅटरीत साधारण नऊ जमा होतात. महामार्गावरच्या जलद डीसी चार्जरमध्ये हा बदल त्या मोठ्या यंत्राच्या पोटात होतो, आणि मी जिथे जिथे थांबले तिथल्या पावतीवर गाडीत गेलेलेच युनिट मोजलेले होते. दहा टक्क्यांची ती घट चालवणाऱ्याच्या अंगावर पडते, आपल्या नाही. त्यामुळे बाहेरच्या एका युनिटात मला ७.८ किलोमीटर मिळतात. घरचा दर आणि बाहेरचा दर शेजारी शेजारी लिहून वजाबाकी करणारा माणूस हा फरक हमखास विसरतो. मीही विसरले होते.

बाहेर मी वर्षभरात जे दर दिले ते साधारण दोन गटांत येतात. कमीत कमी युनिटला १७ रुपये आणि जास्तीत जास्त २१ रुपये, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. घरच्या विजेवर जीएसटी नाही, पण सार्वजनिक चार्जिंग ही सेवा ठरते म्हणून तिच्यावर तो लागतो. कर धरून युनिटला २० रुपये ६ पैसे ते २४ रुपये ७८ पैसे होतात आणि किलोमीटरला २ रुपये ५७ पैसे ते ३ रुपये १८ पैसे. आता मे महिन्याकडे परत यावे. त्या महिन्यातले गाडीचे शेवटचे ७५ युनिट तिसऱ्या टप्प्यात गेले होते, १८ रुपये २४ पैशांनी. सात किलोमीटरने भागले की किलोमीटरला २ रुपये ६१ पैसे येतात. म्हणजे घरच्या अंगणात, रात्री, स्वतःच्या मीटरवर भरलेली ती वीज स्वस्तातल्या सार्वजनिक केंद्रापेक्षा चार पैसे महाग पडली होती. हा आकडा मी तीनदा तपासला. ज्यांच्या घरी दोन एसी आहेत आणि वापर पाचशे युनिटांच्या वर जातो, त्यांना तर त्या वर्षी घरची वीज किलोमीटरला २ रुपये ९५ पैसे पडली असली पाहिजे.

याचा अर्थ मे महिन्यात मी चार पैशांसाठी शहरातल्या चार्जरवर जाऊन पाऊण तास उभी राहावे असा नाही, आणि मी राहिलेही नाही. पण "घरी फुकटासारखे पडते" हे वाक्य मी आता बोलत नाही. माझ्या घरात, माझ्या वापराला, वर्षाच्या दहा महिन्यांत घरचे चार्जिंग बाहेरच्या तीनपंचमांश ते तीनचतुर्थांश दरात होते आणि दोन महिने त्यातले शेवटचे युनिट जवळजवळ बरोबरीत येतात. दुसऱ्याच्या घरात हे प्रमाण वेगळे असेल, कारण ते गाडीवर कमी आणि त्या घरातल्या इतर वापरावर जास्त अवलंबून आहे.

बाहेरचा दर चढा का, याचाही नीट विचार करायला हवा, कारण त्याला लूट म्हणून मोकळे होणारे लोक मला रोज भेटतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले की चार्जिंग केंद्र चालवणे म्हणजे वीज विकणे नव्हे, त्यामुळे त्याला वीज वितरणाचा परवाना लागत नाही. त्याच वर्षी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने चार्जिंग केंद्रांसाठी वेगळी वर्गवारी केली, जिच्यात घरगुती बिलासारखे चढते टप्पे नाहीत. म्हणजे केंद्रचालकाला वीज घाऊक भावात बऱ्यापैकी स्वस्त मिळते. पण त्याला मंजूर भारावर, म्हणजे एका वेळी जेवढी वीज घेण्याची परवानगी आहे तिच्यावर, दरमहा मागणी आकार भरावा लागतो, मग त्या महिन्यात दहा गाड्या येवोत की दोनशे. आपल्याकडे गाड्या येतात त्या गणपतीत, दिवाळीत, नाताळच्या आठवड्यात, शिमग्याला आणि मे महिन्यात. जुलैत मुसळधार पावसात महामार्गावरचे तेच यंत्र दिवसाकाठी एखादी गाडी पाहते, आणि खाऱ्या हवेत त्याची देखभाल मात्र बारा महिने करावी लागते. कोकणातल्या चार्जरचा दर पुणे-मुंबईतल्या वर्दळीच्या चार्जरइतका खाली येणे कठीण आहे, असे माझे मत झाले आहे.

माझा राग दरावर नाही, तो भरवशावर आहे. ऑक्टोबरात आम्ही मुंबईला गेलो तेव्हाची नोंद वहीत आहे. २४ युनिटांची बॅटरी असलेल्या गाडीला ३४० किलोमीटरच्या रस्त्यात दोनदा थांबावे लागते आणि महामार्गावरच्या वेगात ती युनिटला पावणेसात-सात किलोमीटरच देते. घरून पूर्ण भरून निघालो त्याचे साडेतीनशे रुपये आणि वाटेत घेतलेल्या ३० युनिटांचे ७४३ रुपये, मिळून १,१०० रुपयांच्या आत मुंबई गाठली. पेट्रोलने दोन हजारांच्या वर गेले असते. पैशांच्या दृष्टीने तक्रारीला जागा नाही. पण पहिल्या ठिकाणचे यंत्र सहा युनिटांनंतर बंद पडले आणि आगाऊ भरलेले सगळे पैसे त्या कंपनीच्या ॲपमध्ये अडकले. ते १९ दिवसांनी परत आले. तेथून पुढच्या चार्जरपर्यंत एसी बंद करून, वेग पन्नासवर ठेवून आम्ही गेलो. मागे बसलेल्या सासूबाईंनी खिडकीची काच खाली करून पदराने वारा घेतला आणि एका शब्दाने तक्रार केली नाही. महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय असावी, असे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले होते. ती सोय कागदावर जेवढी दाट आहे तेवढी चालू स्थितीत असती, तर युनिटला चोवीस रुपये मी आनंदाने दिले असते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार ॲपमध्ये आज माझे हजार-बाराशे रुपये विखुरलेले आहेत. त्यांवर व्याज नाही आणि ते मागता येत नाहीत. हिशेबनीसाच्या दृष्टीने तोही चार्जिंगचाच खर्च आहे.

आता घरच्या खर्चाकडे, कारण त्यातला एक भाग बिलावर कधीच दिसत नाही. एप्रिल २०२४ मध्ये आमच्या चार्जरवर लाल दिवा लागू लागला. फेब्रुवारी-मार्चपर्यंत नीट चालणारे चार्जिंग दहा मिनिटांत थांबायचे. मी गाडीत दोष समजत होते. वाडीतल्या वायरमनने येऊन टेस्टर लावला, मग मीटरने न्यूट्रल आणि अर्थिंग यांमधले व्होल्टेज मोजले. ते २८ व्होल्ट, म्हणजे फारच जास्त, भरले. तो म्हणाला, "वहिनी, गाडी शहाणी आहे, तुमचं अर्थिंगच जमिनीला लागत नाहीये." आमचे घर जांभ्याच्या सड्यावर आहे. पावसाळ्यात हा दगड पाणी धरून ठेवतो आणि अर्थिंग उत्तम चालते, पण चैत्र-वैशाखात तो विटेसारखा सुकतो आणि वीज त्यातून जमिनीत उतरत नाही. फ्रिजला किंवा पंख्याला त्याचा पत्ताही लागत नाही. वीजगाडीचा चार्जर मात्र अर्थिंग धड नसेल तर चालायला नकार देतो, आणि तो देतो हेच बरे, कारण ओल्या अंगणात गाडीच्या पत्र्याला हात लावणारे आपणच असतो.

अंगणाच्या कडेला, जिथे न्हाणीघराचे सांडपाणी माडाच्या आळ्यात जाते, तिथे त्याने नवा खड्डा घेतला. जांभा फोडायला दोन माणसांना अख्खा दिवस लागला. तळाशी पत्रा ठेवून, त्यात पाईप उभा करून, कोळसा आणि मीठ यांचे थर एकावर एक दिले आणि वर पाणी ओतायला नरसाळे ठेवले. मी पहिली घागर ओतली तेव्हा पाणी खाली जाताना कितीतरी वेळ बुडबुड्यांचा आवाज येत राहिला. संध्याकाळी पुन्हा मोजले तर २८ चे ३ झाले होते. मीटरपासून चार्जिंगच्या जागेपर्यंत जाड तांब्याची स्वतंत्र वायर, गळती झाल्यास वीज तोडणारे आरसीसीबी, वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा), १५ अँपिअरचे चांगल्या प्रतीचे सॉकेट, सबमीटर आणि हा खड्डा, असे सगळे मिळून ११,००० रुपये झाले. पाच वर्षांत ६६,००० किलोमीटर धरले तर किलोमीटरला १७ पैसे. घरच्या १ रुपया ९० पैशांत हे मिळवून २ रुपये ७ पैसे हा माझा त्या वर्षीचा खरा आकडा आहे. हे १७ पैसे वाचवू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते की बाकी कुठेही काटकसर करा, इथे नको. पडवीतल्या जुन्या सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड लावून पाच तास तेरा अँपिअर खेचणे म्हणजे कौलांखालच्या लाकडी वाशांना आग लावण्याची तयारी आहे.

आणि असेच करताना मी आमच्या घरच्याच माणसाला पाहिले. गणपती २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला बसले. माझे चुलत दीर डोंबिवलीहून पहिल्यांदाच स्वतःची वीजगाडी घेऊन आले होते. रात्रीच्या आरतीनंतर ते पडवीतून वायर ओढू लागले. मी त्यांना थांबवले आणि माझ्या जागेवर गाडी लावायला सांगितले. पाच दिवसांत त्यांनी सबमीटरवर ६० युनिट घेतले. निघताना त्यांनी माझ्या हातात पाचशेची नोट ठेवली, तेव्हा काकू, म्हणजे त्यांच्या आई, मला म्हणाल्या, "अगं, घरच्या माणसाकडून विजेचे पैसे घ्यायचे?" मी ती नोट परत दिली. पैसे घेण्याचा माझा विचारही नव्हता, पण नंतर वहीत आकडे मांडले तेव्हा दिसले की सणाच्या त्या महिन्यात घराचे १९० आणि माझ्या गाडीचे १५० मिळून आम्ही आधीच ३४० वर होतो. भाऊजींचे सगळे ६० युनिट तिसऱ्या टप्प्यात गेले होते आणि त्यांची किंमत १,०९४ रुपये झाली होती.

आमच्या घरापासून दोनशे पावलांवर थोरले घर आहे, जिथे काकू एकट्या राहतात. त्यांचा वापर महिन्याला ५५ युनिट. तेच ६० युनिट तिथे भरले असते तर पहिले ४५ युनिट ६ रुपये ८२ पैशांनी आणि उरलेले १५ दुसऱ्या टप्प्यात गेले असते, म्हणजे एकूण ५०६ रुपये. वाडी तीच, तार तीच, रात्रही तीच, आणि किंमत निम्म्याहून कमी. कोकणातल्या प्रत्येक वाडीत अशी घरे आहेत. चाकरमान्यांची वर्षभर कुलूपबंद असलेली, किंवा एखादे म्हातारे माणूस दोन दिवे आणि एक पंखा चालवत राहिलेली. त्या घरांचा स्वस्त टप्पा महिन्यामागून महिने रिकामा जातो. सणाला स्वतःच्याच घरी येऊन गाडी भरणाऱ्या चाकरमान्याला वीज किलोमीटरला एक रुपयाच्या आसपास पडू शकते, आणि असा माणूस डोंबिवलीत परत गेल्यावर "घरचं चार्जिंग फुकट पडतं" असे जे सांगतो ते त्याच्या परीने खरेच असते. त्याने आपल्या माघारी ते बिल कोण भरते, तेवढे मात्र पाहावे. काकूंसारख्या बाईला महिन्याचे बिल साडेपाचशेवरून एकदम हजाराच्या वर गेले तर ते पेन्शनमधून भरावे लागते आणि त्या कोणाला सांगत नाहीत.

मला विचारणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरचा वापर मुळातच तीनशेच्या वर आहे, त्यांनी आणखी दोन वाटा तपासाव्यात. ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या वीज नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वीजगाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. ग्रामीण भागात ती १५ दिवसांत आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवसांत मिळायला हवी. गाडीचा मीटरच वेगळा झाला की ती घराच्या डोक्यावर बसत नाही. पण त्या जोडणीचा स्थिर खर्च दरमहा वेगळा येतो, म्हणून महिन्याला हजार किलोमीटरहून कमी चालवणाऱ्याने घाई करू नये असे मला वाटते.

दुसरी वाट छपरावरच्या सौर पॅनेलची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांचे अनुदान आहे, आणि आम्ही त्याचा गंभीरपणे विचार करत आहोत. वरच्या टप्प्यातले महागडे युनिट आधी कमी होतात हा त्याचा मोठा फायदा आहे. आमची अडचण उतरत्या कौलांची आणि दक्षिणेकडून छपरावर सावली टाकणाऱ्या दोन रायवळ आंब्यांची आहे. जून ते सप्टेंबर आकाश भरलेले असते, तेव्हा मेमधली बचत आणि जुलैमधली तूट एकत्र मांडूनच निर्णय करावा लागेल. आंबे तोडण्याचा प्रश्नच येत नाही. ते सासऱ्यांनी लावलेले आहेत.

सार्वजनिक चार्जर पैशांपलीकडे कशासाठी हवेत, हे आमच्या किनाऱ्यावर वेगळे सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतली कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. साध्या पावसाळ्यातही झाड पडून वाडीची वीज दोन दिवस जाते. त्या दोन दिवसांत शहरातल्या, वेगळ्या वाहिनीवरच्या चार्जरचा युनिटला वीस रुपये हा दर मला महाग वाटत नाही. जुलैपासून मी बॅटरी निम्म्याखाली जाऊ देत नाही आणि हवामान खात्याचा इशारा आला की त्याच रात्री ती पूर्ण भरून ठेवते.

एप्रिल २०२५ मध्ये आम्ही थोरल्या घरी अर्थिंगचा खड्डा घेतला. वायरमन तोच होता आणि जांभाही तसाच कठीण निघाला. खर्च भाऊजींनी डोंबिवलीहून पाठवला. यापुढे गणपतीत त्यांची गाडी तिथेच लागेल. सबमीटर काकूंच्या उंचीला बसवून घेतला आहे, म्हणजे त्यांना चष्मा लावून आकडा वाचता येईल. गाडी लावताना आणि काढताना तो आकडा त्यांनी दिनदर्शिकेवर लिहायचा, बिल आले की मी गाडीसह आणि गाडीवाचून अशी दोन बिले मांडायची, आणि मधला फरक भाऊजींनी थेट काकूंच्या खात्यात भरायचा, असे आमचे ठरले आहे. घरच्या माणसाकडून पैसे घेण्याचा विषय मी या वेळी काढलाच नाही. वजाबाकीचा कागद दाखवला तेव्हा काकूंनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "मग पंखा बंद ठेवला तर त्याला अजून स्वस्त पडेल का गं?" पंखा बंद ठेवायचा नाही, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.